कोपरा दुमडलेले अर्ज

आमच्या भरती खात्यातल्या बाईंनी एकोणतीस वर्षांत अडीच हजारांवर माणसं कामाला लावली, आणि सख्ख्या धाकट्या भावाला मात्र त्यांना लावता आलं नाही. लोक हे टोमणा म्हणून सांगतात. मी तसं सांगत नाही, कारण त्यात माझाही हात होता आणि मला त्याची अजून लाज वाटते.

कारखाना पंपांचा. भरती खातं म्हणजे फाटकाजवळची एक लांबट खोली, दोन टेबलं, चार लोखंडी कपाटं आणि एक टेलिफोन, ज्यातलं पलीकडचं बोलणं अर्ध्या खोलीला ऐकू यायचं. एका टेबलावर बाई, दुसऱ्यावर मी. पत्रं टाइप करायची आणि फायली लावायच्या, एवढंच माझं काम. मी तोंडाचा फटकळ, बाई मितभाषी, त्यामुळे आमचं छान जमलं. कामगार पाठीमागे त्यांना ‘चाळणी’ म्हणायचे. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातून आवडायचंही, असा माझा संशय आहे.

अर्ज आले की बाई ते तीन ठिकाणी ठेवायच्या. सरळ वाटणारे डावीकडे. त्यांना मी मुलाखतीचं पत्र टाइप करायचो. अगदीच न जमणारे उजवीकडे. आणि ज्यांच्या नोकरीत मध्येच दोन-चार वर्षांचं भगदाड असायचं, त्या अर्जाचा वरचा कोपरा दुमडून त्या तो स्वतःच्या खणात ठेवायच्या. दुसरा कुणी असता तर असे अर्ज पहिल्या फटक्यात बाद केले असते. बाई म्हणायच्या, ‘भगदाड पडलंय म्हणजे काहीतरी कोसळलं असणार. काय कोसळलं ते विचारल्याशिवाय मी नाही म्हणणार नाही.’

मग दुपारी त्या एकेकाला फोन लावायच्या. नोकरी का सोडलीत, असं कधी विचारायच्या नाहीत. घरी कोण आजारी होतं, असं विचारायच्या. समोरचा घडाघडा बोलायला लागायचा. मुलगी भाजली होती. आईला काही आठवेनासं झालं होतं. एक जण तुरुंगात होता, आणि तेही त्याने सांगून टाकलं. यातल्या निम्म्याशिम्म्यांना बाई बोलावून घ्यायच्या, यंत्रावर हात चालवून बघायच्या आणि कामाला लावायच्या. ती माणसं टिकायची. रंगखात्याचा मुकादम त्यातलाच. तेवीस वर्षांत त्याने कामाला कधी उशीर केला नाही.

नात्यातला अर्ज मात्र बाई हातात धरायच्या नाहीत. त्यांचा मामेभाऊ एकदा अर्ज घेऊन थेट घरी आला होता. बाईंनी त्याला चहा पाजला आणि अर्ज न उघडता परत दिला. त्यानंतर मामांनी त्यांच्या घरची पायरी चढायचं सोडलं. बाईंनी तेही सोसलं. मला विचाराल तर हा जरा अतिरेकच होता, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंही होतं.

घरी बाई, त्यांचे वडील, धाकटा भाऊ आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी. बाईंनी लग्न केलं नाही. भाऊ दुसऱ्या एका कारखान्यात तपासनीस होता. घडवलेल्या भागांची मापं तपासायची. केसाइतका फरक बोट फिरवून ओळखतो अशी त्याची ख्याती. मग एके दिवशी वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. एक बाजू गेली, वाचा गेली. दर दोन तासांनी कूस बदलायला हवी, भरवायला हवं, उचलून न्यायला हवं. वहिनींच्या अंगात वडिलांना उचलायची ताकद नव्हती. बाईंनी बिनपगारी दीर्घ रजेचा अर्ज लिहिला. तो मीच टाइप केला होता. भावाने तो घरी टराटरा फाडला आणि म्हणाला, तुझी खुर्ची गेली तर परत मिळणार नाही, मला काय, हातात कसब आहे, कुठेही लागेन. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची नोकरी सोडली.

वडील पाच वर्षं तसे राहिले. भावाने त्यांच्या पाठीला एक जखम होऊ दिली नाही. ते गेले तेव्हा भाऊ सत्तेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याच्या अर्जात पाच वर्षांचं भगदाड होतं.

याच सुमारास आमच्या खात्यात नवे साहेब आले. वयाने बाईंच्या निम्मे, बोलायला गोड, कामाला वाघ. त्यांनी पहिल्याच आठवड्यात दारावरची ‘भरती’ ही पाटी काढून टाकली. बाई आता टॅलेंट पार्टनर झाल्या. मी काय झालो ते मला नीट उच्चारताच येत नाही. अर्ज यापुढे कागदावर घ्यायचे नाहीत, ते संगणकावर येतील आणि संगणकच निवडेल. त्याला निवडायला शिकवण्यासाठी कपाटातले सगळे जुने अर्ज स्कॅन करून त्याला दाखवायचे, म्हणजे बाई कुणाला घेत होत्या आणि कुणाला नाही, ते बघून तो बाईंसारखाच विचार करायला लागेल.

साहेब म्हणाले होते, ‘बाई, हे तुमचंच डोकं आहे. फक्त ते दमत नाही.’

बाई सुखावल्या होत्या. मला ते दिसलं होतं. एकोणतीस वर्षांत त्यांच्या कामाबद्दल कुणी चांगला शब्द काढला नव्हता, मीसुद्धा नाही. मी चारही कपाटं रिकामी केली, अर्जांचे गठ्ठे बांधले आणि पाठवून दिले. एकूण अकरा हजार अर्ज.

त्यानंतर बाईंकडे उरलं काय? तर संगणकाने निवडलेल्यांचं स्वागत. नव्या माणसाला एक पिशवी द्यायची, पिशवीत वही आणि पाण्याची बाटली, आणि हसून फोटो काढायचा. कुणाशी काही बोलायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही. खण रिकामा झाला. बाई दुपारी टेबलाशी बसून टेलिफोनची वायर बोटाला गुंडाळत राहायच्या. मी चेष्टेने म्हणायचो, आता निवृत्त होईपर्यंत फोटोतच राहा. त्या हसायच्या नाहीत.

भावाने आमच्याकडे अर्ज करायचं ठरवलं ते तेव्हाच. आधी बाईंचा नियम आड यायचा. आता निवड संगणक करणार होता. बाई त्याला म्हणाल्या, खुशाल कर, यंत्राला कोण कुणाचा भाऊ ते कळत नाही, तुझं कसब बघून ते तुला घेईलच. त्याच्या तोडीचा तपासनीस आमच्याकडे एकही नव्हता, आणि जागा तर सतत निघत होत्या. एकच अडचण होती. बाहेरून येणारा माणूस पन्नाशीच्या आतला हवा, असा कारखान्याचा फार जुना नियम होता. भाऊ तेव्हा अठ्ठेचाळीस पुरा करून वर नऊ महिने झालेला.

पहिल्या अर्जाला नकार आला तो चहा गार व्हायच्या आत. आपली पात्रता या जागेशी जुळत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. बाई म्हणाल्या, परत भर. त्याने परत भरला. चौदा महिन्यांत पाच वेळा. दर वेळी तेच वाक्य, त्याच शुभेच्छा. मधल्या काळात तो एका दुकानात वजनकाट्यावर उभा राहायचा. दुसऱ्या कारखान्यांनीही आता अशीच यंत्रं आणली होती. तिथूनही त्याच भाषेत नकार यायचे. वहिनी मला एकदा रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, हे आताशा आरशात बघून दाढी करत नाहीत, नुसता हात फिरवतात. मी म्हणालो, होईल काहीतरी. असं बोलून आपण फक्त आपली सुटका करून घेतो.

पाचवा नकार आला त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सोमवारी, रंगखात्याचा मुकादम निवृत्त होणार म्हणून त्याची नोकरीची फाईल माझ्या टेबलावर आली. मी ती बाईंकडे सहीसाठी सरकवली. बाई पानं उलटत शेवटपर्यंत गेल्या आणि तशाच थांबल्या. फाईलीत सगळ्यात खाली त्याचा तेवीस वर्षांपूर्वीचा अर्ज होता, वरचा कोपरा दुमडलेला.

‘हा इथे कसा?’ त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, इथेच असणार. सरळ अर्जवाल्यांना मी पत्र टाइप करायचो, त्याची नक्कल आणि अर्ज दोन्ही कपाटात राहायचे. दुमडलेल्यांना पत्र नसायचंच, तुम्ही थेट फोन करायचात. माणूस लागला की मी तो अर्ज उचलून त्याच्या फाईलीत टाकायचो.

‘आणि न लागलेल्यांचे?’

‘ते कपाटात.’

‘यंत्राला आपण काय दाखवलं?’

‘कपाटं,’ मी म्हणालो.

ज्यांना बाईंनी घेतलं ते सगळे दुमडलेले अर्ज नोकरीच्या फाईलींत होते, दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. दुमडलेल्यांपैकी कपाटात उरले होते ते फक्त नाकारलेल्यांचे. संगणकाने अकरा हजार अर्ज बघितले आणि त्याला दिसलं की मध्ये नोकरी सोडलेला एकही माणूस या बाईंनी कधी घेतलेला नाही. एकही नाही. म्हणून त्यानेही घेतला नाही. बाई ज्यांच्यासाठी दुपारभर फोन करत बसायच्या, नेमक्या त्याच माणसांना बाईंच्या नावाने चौदा महिने नकार जात होते. साहेबांनी खबरदारी घेतली नव्हती असं नाही; त्यांनी मला गठ्ठे बांधताना विचारलं होतं, सगळे अर्ज यात आले ना? मी हो म्हणालो होतो. माझ्या डोक्यात फाईली आल्याच नाहीत.

बाई तशाच उठून साहेबांकडे गेल्या. मी पाठोपाठ गेलो. साहेब काही दुष्ट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि दुरुस्तीचं पत्र लगेच पाठवतो म्हणाले. पण यंत्राला परत शिकवायचं म्हणजे तीन महिने जाणार. हाताने निवडायचा जुना नियम मात्र अजून रद्द झालेला नव्हता. बाईंना फोन करायचे तर त्यांनी करावेत. जो मुलाखतीला यायला तयार असेल त्याचं नाव त्याच दिवशी वहीत चढवायचं, वय त्या दिवसाचं धरायचं.

नकार गेलेल्यांत बाईंचा भाऊही आहे आणि येत्या शनिवारी तो पन्नास पुरा करतोय, हे मीच बोललो. बाईंनी माझ्याकडे रागाने बघितलं.

साहेब आवाज खाली आणून म्हणाले, ‘मग पहिला फोन त्यांनाच करून टाका. मी बघितलं नाही असं समजा.’

‘तुम्ही बघितलंत की नाही, हा प्रश्न नाही,’ बाई म्हणाल्या.

यादी मी टाइप केली. तीनशे चाळीस नावं निघाली. अर्जाच्या तारखेप्रमाणे लावायची, असं बाईंनी सांगितलं. ज्यांनी अनेकदा अर्ज केला होता त्यांचा शेवटचाच अर्ज संगणकाने ठेवला होता, आधीचे पुसून टाकले होते. भावाचा नंबर आला दोनशे अकरा. पहिला अर्ज धरला असता तर तो पहिल्या वीसांत आला असता. मी बाईंशी भांडलो. म्हणालो, त्याने पहिल्यांदा कधी भरला ते तुम्हाला चांगलं माहीत आहे, आणि परत परत भर असं सांगणाऱ्याही तुम्हीच. त्या म्हणाल्या, बाकीच्यांचा पहिला अर्ज कधीचा ते मला माहीत नाही. त्यांनाही कुणीतरी परत भर म्हणून सांगितलंच असेल. मग याच्यापुरतंच का धरू?

यादी मी त्यांनी सांगितली तशीच ठेवली. पण मला त्यांचा संताप आला होता हे खरं.

सोमवारी दुपारी फोन सुरू झाले. प्रत्येकाला त्या आधी तेच सांगायच्या, की अर्ज आमच्या चुकीने बाजूला पडला, चूक माझी आहे. मग विचारायच्या, घरी कोण आजारी होतं. काही जण शिव्या द्यायचे, त्या ऐकून घ्यायच्या. काही जण परगावी निघून गेले होते. एकाच्या बायकोने फोन उचलला आणि सांगितलं की ते चार महिन्यांपूर्वी गेले. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही. मंगळवारी पंचेचाळीस झाले, बुधवारी सत्तेचाळीस. मी समोर बसून नंबर वाचून द्यायचो आणि होकार आला की नाव वहीत चढवायचो. मनातल्या मनात भागाकार करत होतो. असाच वेग राहिला तर शुक्रवारी चारच्या सुमाराला दोनशे अकरा येणार होता.

आणि रोज संध्याकाळी बाई त्याच घरी जाऊन त्याच भावाशेजारी जेवायला बसत होत्या. त्याला त्यांनी एक शब्द सांगितला नाही. मी विचारलं, निदान कानावर तरी घाला. त्या म्हणाल्या, बाकीच्यांना मी आधी कुठे सांगतेय? मी म्हणालो, बाई, तुमचं काळीज दगडाचं आहे. एकोणतीस वर्षांत मी त्यांना इतकं लागेल असं कधी बोललो नव्हतो. त्यांनी पुढचा नंबर मागितला.

शुक्रवारी दुपारी एकशे अठ्ठ्याऐंशीवा फोन एका बाईला लागला. ती आठ वर्षं घरी होती, मतिमंद मुलापायी. मुलगा गेल्या वर्षी गेला. तिला नोकरी नकोच होती आता, तिला फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं. ती रडत राहिली आणि बाई ऐकत राहिल्या. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. परत दाखवलं. शेवटी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर धरलं. बाईंनी तो कागद पालथा घातला. त्या फोनला पन्नास मिनिटं गेली, आणि पुढचेही बरेचसे लांबत गेले. फाटकाचा भोंगा झाला तेव्हा आम्ही एकशे अठ्ठ्याण्णववर होतो. वही बंद करून साहेबांच्या खोलीत न्यायचं काम माझं. मी दहा मिनिटं ती तशीच उघडी धरून बसलो. बाईंनी माझ्या हातातून घेतली, मिटवली आणि परत माझ्या हातात दिली.

यादी माझ्या हातची होती. एक नाव दोनशे ओळी वर सरकवायला मला निमिषही लागलं नसतं, आणि बाईंनी तपासूनही बघितलं नसतं, कारण त्यांचा माझ्यावर विश्वास होता. मी सरकवलं नाही. नियमाच्या प्रेमापोटी नव्हे. पकडला गेलो तर काय, याच भीतीने. बाई निदान कशासाठी तरी थांबल्या होत्या.

सोमवारी सकाळी आम्ही पुढे सुरुवात केली. अकराच्या आसपास दोनशे अकरा आला. मी नंबर वाचला नाही, नुसती यादी पुढे केली. तो त्यांच्याच घरचा नंबर होता. बाईंनी तो इतरांसारखाच फिरवला. भावानेच उचलला.

बाई म्हणाल्या, ‘मी भरती खात्यातून बोलतेय. तुमचा अर्ज आमच्या चुकीने बाजूला पडला. चूक माझी आहे.’

मग त्यांनी सगळं सांगितलं, कपाटं, फाईली, यादी, नंबर, शुक्रवारचा भोंगा. काही लपवलं नाही. त्याचं वय आता बसत नाही हेही सांगितलं. आवाज कुठे हलला नाही. मी मान खाली घालून बसलो होतो, पण त्या टेलिफोनचं पलीकडचं बोलणं ऐकू यायचंच.

‘ताई,’ भाऊ म्हणाला, ‘आठवडाभर तुला माहीत होतं?’

‘हो.’

‘आज सकाळी चहा घेताना तरी सांगायचंस.’

‘तेव्हा तुझा नंबर आला नव्हता.’

मागे कुठेतरी नळ वाहत होता, तो कुणीतरी बंद केला. मग भाऊ अगदी साध्या आवाजात, न चिडता म्हणाला, ‘बाबा पडले तेव्हा मी नंबर बघितला नव्हता, ताई.’

आणि त्याने फोन ठेवला. बाईंनी रिसीव्हर कानालाच धरून ठेवला होता. मला वाटलं आता त्या रडतील, उठून घरी जातील, निदान यादी माझ्या अंगावर तरी फेकतील. मला तसं झालेलं हवं होतं. त्यांनी रिसीव्हर खाली ठेवला, दोनशे अकरापुढे वहीत ‘वय बसत नाही’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं आणि पुढचा नंबर विचारला. मी तो वाचून दाखवला.